आपल्या घराखालचे पेंग्विन

हार्डर्स बे किनारी राखीव क्षेत्र
९ मार्च १९९८

प्रति,
श्रीमती एम. लूबसर
४, स्लिपवे गल्ली, हार्डर्स बे

विषय : आपल्या घराखालील पेंग्विन हलवण्याबाबत

महोदया,

आपले २ मार्चचे तक्रारपत्र मिळाले. त्यानुसार मी ४ मार्च रोजी सकाळी दहा वाजता आपल्या घराची पाहणी केली.

घराच्या पूर्वेला, स्वयंपाकघराच्या लाकडी जमिनीखाली, पेंग्विनांच्या दोन जोड्या आहेत. एका जोडीने दोन अंडी घातली आहेत. दुसरी अजून काटक्या, वाळलेले शेवाळ आणि आपल्या दोरीवरचे मोजे गोळा करीत आहे. पक्षी आत जातात ते जोत्याच्या तुटक्या फळीतून. ही फळी गेल्या महिन्यात पक्ष्यांनी तोडली असे आपण लिहिले आहे. ते बरोबर नाही. ही फळी १९५६ च्या हिवाळ्यापासून तुटकी आहे.

आवाज गाढवासारखा आहे हे मान्य. वासही मान्य. परंतु समुद्रपक्षी संरक्षण कायद्यानुसार अंड्यांवर बसलेला पक्षी हलवणे, त्याची वाट बुजवणे किंवा त्याला हुसकावणे हा गुन्हा आहे. बागेच्या पाइपने पाणी मारणे हेही हुसकावणेच धरले जाते. पाइप मी पाहिला.

हे पक्षी इथे कोणाच्या परवानगीने राहायला आले, असे आपण विचारले आहे. परवानगी त्यांनी घेतलेली नाही. एखाद्या कुटुंबाला राहत्या जागेतून उठवायचे तर आता सबळ कारण दाखवावे लागते. पूर्वी तसे नव्हते, हे आपल्याला ठाऊक असेलच.

पाहणीच्या वेळी, आपल्या कन्येसमोर, आपण मला मागच्या फाटकाने यायला सांगितलेत. बुटांना घाण असेल म्हणून. त्याची नोंद घेतली आहे. पुढच्या पाहणीला मी पुढच्या दाराने येईन.

आपली विश्वासू,
बी. अडोनिस
क्षेत्र अधिकारी

३० मार्च

मूरी,

सोबतचा टाइप केलेला कागद म्हणजे माझा माफीनामा. तू मुख्य कार्यालयाला लिहिलंस की पाहणीला आलेली बाई उद्धट होती आणि नको त्या गोष्टीत नाक खुपसत होती. साहेबांनी मला बोलावलं. साहेब तरुण आहेत, भले आहेत. म्हणाले, "ब्यूला आन्टी, फळी कधी तुटली ते कशाला लिहायचं? आणि तुम्हाला कसं ठाऊक?"

मी म्हटलं, "लाकूड बघून कळतं."

"मग मलाही शिकवा कधीतरी. तूर्त दोन ओळींत माफी मागून टाका."

मागितली. तो कागद तुझ्या मुलीला, इल्झेला, खुशाल दाखव. हा दुसरा मात्र तुझ्या एकटीचा.

फळी मी तोडली होती. तू सोळाची, मी दहाची. माझी मांजर आत व्याली होती आणि तू म्हणालीस, मार लाथ, आपला पा विचारेल तर मी सांगते वाऱ्यानं तुटली म्हणून. आणि सांगितलंस. खोटं बोलताना तुझा चेहरा किती शांत असतो ते मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. चार मार्चला दुसऱ्यांदा पाहिलं. पस्तीस वर्षांत आपण एकमेकींशी एक शब्द बोललो नव्हतो, आणि तुझा पहिला शब्द काय, तर "ऑफिसर".

तू गेलीस त्याचा मला राग नाही, हे आधी लिहून ठेवते. १९६३ साली तू वंश ठरवणाऱ्या बोर्डापुढे उभी राहिलीस, त्यांनी तुझ्या सरळ केसांत पेन्सिल खोचली, ती घसरून खाली पडली, आणि कलर्ड, मिश्र रक्ताची, म्हणून आत गेलेली माझी बहीण गोरी होऊन बाहेर आली. माझ्या कुरळ्या केसांत ती पेन्सिल अजून अडकून बसली असती. तुला टेलिफोन एक्स्चेंजमध्ये नोकरी हवी होती आणि ती गोऱ्या मुलींनाच मिळायची. मी सतरा वर्षांची होते. मला हेवा वाटला. राग नंतरचा.

१९६७ मध्ये गाव गोऱ्यांचं जाहीर झालं आणि आम्हाला ट्रकमध्ये घालून डोंगरापलीकडे नेलं. त्या वसाहतीचं नाव ओशन व्ह्यू. ज्यानं नाव ठेवलं त्यानं तिथून समुद्र बघायचा प्रयत्न केला नसावा. पाची होडी इथंच वाळूवर राहिली. तो त्यानंतर दीड वर्ष जगला; ते दीड वर्ष तो दारात खुर्ची टाकून डोंगराकडे बघत बसायचा. आणि इकडे चार महिन्यांत आमचं घर लूबसरच्या नावावर लागलं, आणि तू मिसेस लूबसर होऊन त्याच घरात राहायला आलीस. लूबसरला सगळं ठाऊक होतं. नवे शेजारी सगळे बाहेरून आलेले, त्यांना काय कळणार. इल्झेला तर तू आजपर्यंत कळू दिलेलं नाहीस.

मा दर मंगळवारी तुझ्याकडे यायची. दोन बस बदलून, डोक्यावर गाठोडं घेऊन. त्या गाठोड्यात पुष्कळदा आमच्याच घरचे टॉवेल असायचे. कोणी पाहिलं तर धोबीण वाटावी, म्हणून. स्वतःच्या घरात ती मागच्या फाटकानं शिरायची, मूरी. शेजारी बाहेर गेले असतील तरच इल्झेला मांडीवर घ्यायची. इल्झे तिला "ल्यूसी" म्हणायची. तीन वर्षांची पोर आजीला नावानं हाक मारते आणि तू म्हणतेस, "ल्यूसीला थँक यू म्हण बघू." मा घरी येऊन हे सांगायची आणि हसायची. माझ्या हातात तेव्हा बटाटा सोलायची सुरी असायची. मी बटाटे सोलत राहायची.

१९८१ मध्ये मा गेली. तू अंत्ययात्रेला आली नाहीस, तेही मी गिळलं असतं. पण तू फुलं पाठवलीस. पांढऱ्या लिलींचं चक्र, आणि वर कार्ड : "आमच्या विश्वासू ल्यूसीस, लूबसर कुटुंबाकडून." फुलं कोणाकोणाची आली ते वाचून दाखवायची आपल्याकडे पद्धत. फादरनं ते मोठ्यानं वाचलं. भरलेल्या चर्चमध्ये एकूण एक माणसाला ठाऊक होतं तू कोण ते. कोणी खोकलंसुद्धा नाही.

ते कार्ड माझ्याकडे आहे.

तेव्हा, मिसेस लूबसर, पेंग्विन हलणार नाहीत.

ब्यूला

१४ जून

मूरी,

तुझं पत्र मिळालं. पत्र कसलं, एक ओळ : "तुला नक्की काय हवं आहे?" खाली सही नाही. पण अक्षर बदललं नाहीस, एवढं एक राहिलं.

आधी बातमी. तुझ्या घराखाली आता पाच जोड्या आहेत. काठीला आरसा बांधून मी स्वतः आत पाहिलं. पाचव्या जोडीनं पाण्याच्या नळाला टेकून घर केलंय. पिल्लं तीन. त्यांची वही मी इतकी नीट ठेवली आहे की साहेब ती नव्या मुलांना नमुना म्हणून दाखवतात. तुझ्या परसात पेंग्विन वाढले की मला रात्री झोप चांगली लागते. हे काही अधिकाऱ्याला शोभणारं नाही, पण तू विचारलंस म्हणून सांगते.

इल्झे शुक्रवारी आमच्या तिकीट खिडकीवर आली होती. वास दिवाणखान्यापर्यंत येतो म्हणाली, आणि हसली. "आईला ह्यांचा इतका राग का येतो कळत नाही मला. मी तर पहाटे त्यांचं ओरडणं ऐकून उठते. वाटतं कोणीतरी स्वयंपाकघरात गाढव बांधलंय." मग माझ्या हातांकडे बघून म्हणाली, "अगं बाई, हे सगळं त्यांनीच चावलेलं?"

मी म्हटलं, "काही ठिकाणी माणसांनी."

ती पुन्हा हसली. मूरी, ते हसू माचं आहे. आधी नाकातून आवाज, मग खांदे, मग तोंड. हे तू रोज टेबलाच्या पलीकडे बघतेस. तेव्हा काय करतेस, मीठ मागतेस?

आता एक कबुली. मार्चमध्ये मी तुला कायदा सांगितला तो खरा, पण अर्धा. पिल्लं उडून... उडत नाहीत म्हणा, पोहून गेली, घरटं रिकामं झालं, की फळी बदलायची लेखी परवानगी मिळू शकते. पक्ष्यांना बाजूला झुडपात दुसरी बिळं करून द्यायची, झालं. पाच-सहा घरांना दिली आहे. तुला सांगितलं नाही. तो अर्ज माझ्याच टेबलावर येतो आणि सही माझीच लागते. म्हणजे तुझ्या घरात कोणी राहायचं आणि कोणी नाही, ते सध्या मी ठरवते. मला त्याची गोडी लागली आहे. तुम्हा लोकांना कशी लागली असेल ते आता कळतं.

बरं, काय हवंय. जे हवंय ते फुकट आहे. इल्झेसमोर तू मला ब्यूला म्हणायचं. मग म्हणायचं, ही माझी बहीण, आणि ल्यूसी माझी आई होती. बस. त्यानंतर तिनं तुला काय म्हणायचं ते तिचं ती बघेल.

वारसा दिनाच्या सुट्टीपर्यंत वाट बघते. २४ सप्टेंबरला आमच्या चर्चची म्हातारी मंडळी पेंग्विन बघायला येणार आहेत, बस मी ठरवली आहे. एकतीस जण, सगळे इथलेच, उठवलेले. फीना आन्टी आहे. तुला तिनंच बाहेर काढलं, नाळ तिनंच कापली. कोपऱ्यावरचे गमाट शिंपी आहेत. तुझा पहिला लांब झगा त्यांनी शिवलेला. लाकडी पायवाट तुझ्या व्हरांड्यापासून आठ पावलांवरून जाते. मी मोजली आहेत. सुट्टीच्या दिवशी तू आणि इल्झे तिथंच चहा घेता.

मी त्यांना काही शिकवून आणणार नाही. गरजच काय? एकतीस तोंडं आहेत. त्यातलं एक तरी "अगं मूरी" म्हणेलच.

ब्यूला

२६ सप्टेंबर

मूरी,

तू तिथं होतीस. पण तू होतीस व्हरांड्यात, मी पायवाटेवर. दोन्हीकडून सारखं दिसत नाही, म्हणून लिहिते.

बसमध्ये सगळे लग्नाला निघाल्यासारखे होते. टोप्या, चांगले बूट, तळून खोबऱ्यात घोळलेल्या गोड कूसिस्टरचे डबे. राखीव क्षेत्राच्या दारात आल्यावर गमाट अंकल खाली उतरेनात.

"तिकीट आहे का इथं?"

"आज सुट्टीचं फुकट आहे, अंकल."

"आज फुकट. उद्या घेता? मी इथं पोहायला शिकलो तेव्हा ह्या पक्ष्यांचा आजासुद्धा इथं नव्हता. त्यांना विचार, त्यांनी माझं तिकीट काढलं का?"

फीना आन्टी मागून काठीनं ढोसत म्हणाली, "गमाट, उतर. नाहीतर तुला पेंग्विन समजून कोणीतरी फोटो काढेल." शहाऐंशी वर्षांची आहे, तोंड अजून तसंच.

पायवाटेवर पोचलो तर एक पक्षी मधोमध उभा. रांग थांबली. तो मान तिरकी करून एकेकाकडे बघत होता, कागद तपासायला आल्यासारखा. फीना आन्टी म्हणाली, "हे गोरे म्हणायचे का काळे? पाठ काळी, पोट गोरं."

"बोर्डानं पुढून बघितलं असेल तर पास," गमाट अंकल म्हणाले.

"आणि पाठमोरा झाला की?"

"मग ओशन व्ह्यू."

एकतीस जण इतके हसले की पक्षी घाबरून वाळूत उडी मारून गेला. त्या हसण्यातच आम्ही वळण घेतलं, आणि समोर तू. तू, इल्झे, आणि कोणी दोन पाहुणे. पांढरं टेबलक्लॉथ, किटली. तू उठून कठड्याशी आलीस. हसणं कोणाचं ते तुला आवाजावरूनच कळलं असणार.

मी थांबले. मुद्दाम, बरोबर तुझ्यासमोर. म्हटलं, "इथून चांगले दिसतात. सावकाश बघा." आणि वाट बघायला लागले.

त्यांनी तुला ओळखलं, मूरी. ह्याबद्दल मनात शंका ठेवू नकोस. गमाट अंकलांचे डोळे तुझ्यावर आले, क्षणभर थांबले, आणि ते समुद्राकडे तोंड करून उभे राहिले. त्यांच्या मागच्या दोघी बहिणी, ज्यांच्या परसात तू दोरीवरच्या उड्या मारायचीस, त्यांनी एकदम पिशवीत काहीतरी शोधायला सुरुवात केली. मग त्यांच्या मागचे. एकेक करून सगळ्या माना वळल्या. कोणी कोणाला खूण केली नाही. एकतीस म्हातारी माणसं तुझ्याकडे पाठ करून एका रिकाम्या खडकाकडे बघत राहिली. त्या खडकावर पेंग्विन नव्हता.

मी फीना आन्टीचा दंड धरला. हळूच म्हटलं, "आन्टी, बघ कोण आहे."

"मला पक्षी दिसतायत."

"आन्टी, तू तिला जन्माला येताना धरलीस."

"म्हणूनच." तिनं माझा हात काढून टाकला. "आधी तिनं बोलायचं असतं. विसरलीस का गं? तुझ्या आईनं शिकवलं नाही तुला?"

शिकवलं होतं. आपल्या सगळ्यांना शिकवलं होतं. पलीकडे, गोऱ्यांत, गेलेलं माणूस रस्त्यात भेटलं तर आपण आधी बोलायचं नाही. त्यानं नजर दिली तर घ्यायची, नाही दिली तर तो परका. एका "कशी आहेस"नं माणसाची नोकरी जायची, मुलं शाळेतून निघायची. शहरात भर बाजारात फीना आन्टीचा सख्खा मुलगा बायकोला घेऊन हातभर अंतरावरून गेला होता, आणि ती दुकानाच्या काचेतल्या बुटांकडे बघत राहिली होती. तो कायदा जाऊन सात वर्षं झाली. पण ह्यांच्या मानांना ते कोणी सांगितलंच नाही. मी तुला उघडं पाडायला एकतीस साक्षीदार आणले आणि त्यांनी तुला झाकलं. वर माझीच शिकवण काढली.

मी तुझ्याकडे बघितलं. मी एकटीच बघत होते. तुझा उजवा हात कठड्यावरून उठला. तोंड उघडलं. मला वाटलं, आता. मी खरंच श्वास धरला होता, ह्याची मला लाज वाटते. हात वर गेला, आणि तू केस सावरलेस. मग आत गेलीस.

त्यानंतरचं तुला ठाऊक नाही. इल्झे पाण्याचा जग आणि पेले घेऊन खाली आली. म्हाताऱ्यांना उन्हात उभं बघून राहवलं नाही तिला. फीना आन्टीला तिनं स्वतः पेला धरून पाजलं.

"तुम्ही लांबून आलात का?"

"डोंगराच्या पलीकडून, बाळा."

"मग पूर्वी कधी आला होतात का इकडे?"

"एकदा," फीना आन्टी म्हणाली. "बरीच वर्षं." आणि पेला परत देताना तिनं इल्झेचा चेहरा दोन्ही हातांत धरला. म्हाताऱ्या बायका धरतात तसा. इल्झेला त्यात काही वाटलं नाही. मला बघवलं नाही.

मग इल्झे माझ्याकडे आली. आवाज खाली करून म्हणाली, "मिस अडोनिस, एक विचारू? आई स्वयंपाकघरात बसून रडतेय. कारण सांगत नाही. तुम्ही आलात की तिला असं काहीतरी होतं. तुम्ही ओळखता का तिला?"

घे. सहा महिने ज्याची वाट बघितली ते माझ्या हातात आणून ठेवलं पोरीनं. मला काही करायचंच नव्हतं. एक शब्द.

मी म्हटलं, "पेंग्विनांच्या कामापुरती."

माझ्याच तोंडून गेलं ते. मागे एकतीस जण ऐकत होते आणि मला त्यांचा सुटलेला श्वास ऐकू आला. बसमध्ये गमाट अंकलांनी मला डब्यातला शेवटचा कूसिस्टर दिला, शहाण्या मुलीला द्यावा तसा. मी खाल्ला नाही. मला राग आला होता, आणि ह्या वेळी तुझ्यावर नाही.

ह्याला माफी समजू नकोस. तुझ्यासाठी मी काही केलेलं नाही. त्यांच्यासारखी माझीही मान आपोआप वळली, एवढंच.

ब्यूला

७ डिसेंबर

मूरी,

फळीचा तुझा अर्ज मिळाला. बिळं रिकामी आहेत, पक्षी पिसं टाकायला वरच्या झुडपात जाऊन उभे आहेत. परवानगी सोबत जोडली आहे, सही केलेली. सुतार बोलाव. वास दोन-तीन आठवड्यांत जाईल. तो हिशेब मला आता नको आहे. तो पोरखेळ होता.

सोबत दुसरा एक कागद आहे, त्याची प्रत. तो नीट वाच.

आमच्यासारख्या उठवलेल्यांना जागेचा दावा लावायची मुदत ३१ डिसेंबरला संपते. मी दाव्याचा अर्ज भरून ठेवला आहे. घर परत मिळेलच असं नाही. दाव्यांच्या कचेरीतला खिडकीवरचा माणूस म्हणाला, राहत्या माणसाला सहसा उठवत नाहीत, बदल्यात दुसरं काहीतरी देतात. तेव्हा घराची भीती बाळगू नकोस. तुला घाबरायचं आहे ते चौथ्या पानाला.

चौथ्या पानावर विचारलंय : ज्यांना उठवलं त्यांची सर्व अपत्ये. "सर्व" ह्या शब्दाखाली रेघ आहे, ती मी मारलेली नाही, छापलेलीच आहे. मी लिहिलं : एक, म्युरिएल, जन्म १९४०, आता राहणार ४, स्लिपवे गल्ली. दोन, ब्यूला, जन्म १९४६. आईचे नाव : ल्यूसी अडोनिस. इल्झेशी मी खोटं बोलले. सरकारशी बोलणार नाही, कारण खाली शपथ आहे.

दावा मंजुरीला घेतला की तो राजपत्रात छापतात, आणि सध्या त्या घरात जे राहतात त्यांना त्याची पूर्ण प्रत रजिस्टर्ड टपालानं पाठवतात. किती दिवसांत ते कोणी सांगू शकत नाही. दोन महिने, सहा महिने, वर्ष. गेल्या महिन्यात तुझ्या मोतीबिंदूचं ऑपरेशन झाल्यापासून तुझं टपाल इल्झे वाचून दाखवते; म्हणूनच हे पत्र मी टपालात न टाकता, मोठ्या अक्षरात लिहून, तुझ्याच हातात देतेय. तिनंच मला सांगितलं, तू विचारशील म्हणून लिहिते. म्हणजे आता रोज सकाळी टपालवाल्याची सायकल गल्लीत वळली की तुला काय होईल ते मला ठाऊक आहे. चौदा वर्षं दर मंगळवारी आपल्या माचं फाटकाशी तेच व्हायचं, कोणी बघितलं तर, म्हणून.

तुझं नाव मी गाळू शकले असते. मग तू फक्त त्या घरातली एक गोरी बाई झाली असतीस आणि मी तुझ्याविरुद्ध सुखानं भांडले असते. खूप विचार केला. ते मला पुरेना.

तुला हे थांबवायचं असेल तर एक मार्ग आहे, तो मी वकिलाला विचारून ठेवला आहे. पोलीस ठाण्यात जायचं आणि शपथेवर एक वाक्य लिहून द्यायचं : ल्यूसी अडोनिस ही माझी आई नव्हती. एवढंच. टाइप केलेलं चालणार नाही, ही अट माझी. तुझ्या हातानं, तुझ्या अक्षरात. ते मला आणून दे. मी चौथं पान बदलीन, त्या पुष्पचक्रावरचं कार्ड तुझ्यासमोर फाडीन, आणि इल्झेला ह्या जन्मात माझ्याकडून काही कळणार नाही. एकतीस जणांची खात्री तर तुला झालीच आहे.

हे तुला फारसं जड जाऊ नये. पस्तीस वर्षं तू रोज तेच म्हणत आली आहेस. आता फक्त लिहायचं आहे.

दावा मी १८ तारखेला, शुक्रवारी, दाखल करणार. तोपर्यंत कार्यालय रोज आठ ते साडेचार उघडं आहे. ते वाक्य लिहिता आलं तर ये. नाही आलं, तर इल्झेला समोर बसव आणि किटली चुलीवर ठेव, वेळ लागेल.

ब्यूला